ड्रिल-ग्राइंडरला हात लावला की झिणझिण्या येतात, वाइंडिंग केलं तरी परत येतात: आमच्या शेडमध्ये काय काय सापडलं

आमचा फॅब्रिकेशनचा छोटा पत्र्याचा शेड आहे, गेट, ग्रिल, जिने असली कामं. पहिला मोठा पाऊस होऊन गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हेल्पर ओरडणार, "दादा, ड्रिल करंट मारतंय." मग मी जाऊन हात लावणार, मला काहीच नाही, कारण माझ्या पायात जाड रबरी सोलचे बूट आणि तो बिचारा घासलेल्या स्लीपरवर ओल्या कोब्यावर उभा. त्याला वाटायचं दादा खोटं बोलतात आणि मला वाटायचं हा कामाला टाळतोय. तीन वर्षं हा खेळ चालला आणि दर वेळी कारण वेगळं निघालं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण असं झालं की बहुतेक जण मी केली तीच चूक करतात, म्हणजे मशीन उचलून वाइंडिंगवाल्याकडे, मोटरच्या आतल्या तारा नव्याने गुंडाळून देणाऱ्याकडे, नेतात.

पहिल्या वर्षी बेंच ड्रिल नेलं. वाइंडिंगवाल्याने मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून सांगितलं वाइंडिंग ठीक आहे, थोडी ओल धरलीये, उन्हात वाळव. मला पटलं नाही, म्हटलं करून टाका नवीनच. पैसे गेले, मशीन परत आलं, जोडलं, हेल्परने हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग डोकं चाललं की अरे मशीन नवीन झालं तरी करंट तोच, म्हणजे भानगड मशीनच्या बाहेर आहे.

इथे आधी एक गोष्ट समजून घ्या. थोडीफार गळती प्रत्येक जुन्या मोटरला असतेच, त्यात दमट हवा, लोखंडाचा भुगा, कार्बनची धूळ. अर्थिंग नीट असेल तर ही गळती हिरव्या वायरीतून गुपचूप जमिनीत जाते, तुम्हाला कळतपण नाही. अर्थिंग तुटलं की तीच गळती मशीनच्या बॉडीवर येऊन थांबते आणि हात लावणाऱ्याची वाट बघते. म्हणजे झिणझिण्या आल्या की प्रश्न दोन असतात, गळती कुठून होतेय आणि तिला जायला रस्ता का नाही. लोक पहिल्याच्या मागे लागतात. जीव जातो तो दुसऱ्यामुळे, कारण आज झिणझिण्या देणारी मोटर उद्या पूर्ण बॉडी शॉर्ट झाली, म्हणजे आतली फेज थेट बॉडीला टेकली, आणि रस्ता नसला, तर बॉडीवर सरळ २३० व्होल्ट. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स १००० ओहमच्या आसपास धरा, २३० मिलिअँपिअर झाले. १० मिलिअँपिअरच्या आसपासच हाताची पकड सुटत नाही, आणि ३० च्या वर जास्त वेळ गेला तर हृदयाचं काही खरं नाही.

आणि पावसाळ्यातच का? पावसात जमीन ओली होते म्हणजे खरं तर अर्थिंगचा खड्डा, जिथे हिरवी वायर जमिनीत पुरलेल्या पाइपला जोडलेली असते तो, सुधारतो. पण पाय पण ओले, फरशी पण ओली, म्हणजे आपण स्वतःच चांगलं अर्थिंग होऊन बसतो. उन्हाळ्यात तोच करंट बॉडीवर असतो, कोरड्या पायांना जाणवत नाही इतकंच.

तर पहिल्या वर्षीचं कारण. ड्रिल एक्स्टेन्शन बोर्डवर चालत होतं. बोर्डवर दोन थ्री पिन सॉकेट, समोरून बघितलं तर एकदम झकास. चार स्क्रू काढून उलटा केला, तर हिरवी वायर एका सॉकेटच्या वरच्या पिनवरून दुसऱ्या सॉकेटच्या वरच्या पिनला गेलेली आणि तिथंच संपलेली. बाहेर जाणारी केबल टू कोर. म्हणजे कोणीतरी मनापासून हिरवी वायर जोडली, पण ती कुठेच जात नव्हती. दुकानात तयार मिळणाऱ्या स्वस्त बोर्डांमध्येपण हे दिसतं, तीन भोकं आणि आत दोनच वायरी. तुमच्याकडचे सगळे बोर्ड आज उघडून बघा, प्लग काढून अर्थातच. माझ्या मते दहा तक्रारींपैकी निम्म्या इथेच संपतील.

आता तपासायचं कसं. मल्टिमीटर घ्या, बीपवर ठेवा. मशीनचा प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर, हे विसरू नका. एक टोक प्लगच्या जाड लांब पिनला, दुसरं मशीनच्या उघड्या लोखंडाला, रंगावर नाही, रंगावर बीप येणार नाही, चकच्या दातांवर किंवा एखाद्या बोल्टवर लावा. बीप आला पाहिजे आणि ओहमवर बघितलं तर एकाच्या खालीच पाहिजे. मग बीप चालू असतानाच केबल हलवा, विशेषतः जिथे ती मशीनमध्ये शिरते तिथे आणि प्लगच्या मानेजवळ. आमच्या चॉप सॉची केबल सरळ धरली की बीप, उजवीकडे वाकवली की गप्प. आत हिरवी कोर तुटलेली होती, बाहेरून रबर शाबूत. असली केबल सगळ्यात घातक, कारण तुम्ही तपासता तेव्हा ती बरोबर असते.

प्लगची ती वरची पिन लांब आणि जाड का असते माहितीये? लांब असते म्हणून आत घालताना अर्थ आधी जोडला जातो आणि काढताना शेवटी सुटतो, जाड असते म्हणून फेजच्या भोकात जात नाही. म्हणून ती पिन कापून किंवा टू पिन अॅडॉप्टर लावून चालवणाऱ्यांना काय म्हणायचं. आणि प्लग बसवताना आतली हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब सोडा, म्हणजे केबलला झटका बसला तर फेज आधी निघेल, अर्थ शेवटी. जुन्या केबलमध्ये रंग लाल, काळा, हिरवा असायचे, आता तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ. एकाच शेडमध्ये दोन्ही असतात आणि जोडणारा काळी म्हणजे काहीपण समजतो, तिथे लक्ष ठेवा. सॉकेटकडे समोरून बघितलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल.

बोर्ड बदलला, थ्री कोर केबल टाकली, ते वर्ष निभावलं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच सुरू झालं, भर उन्हात, आणि एका मशीनला नाही तर सगळ्यांना. हा फरक लक्षात ठेवा. एकाच मशीनला करंट असेल तर ते मशीन किंवा त्याची केबल बघा. सगळ्या मशीनना, अगदी लोखंडी टेबलाला आणि कपाटालापण असेल, तर मागचं सामायिक अर्थिंग गेलंय. आणि त्यात एखाद्या एकाच मशीनची गळती हिरव्या वायरीतून बाकी सगळ्यांच्या बॉडीवर पसरते, म्हणजे करंट ग्राइंडिंग मशीनला लागतो आणि गुन्हेगार असतो कम्प्रेसर. एकेक प्लग काढत जा, कुठला काढल्यावर थांबतं ते बघा.

टेस्टरवर फार विसंबू नका. निऑनचा टेस्टर थोड्या गळतीलापण पेटतो आणि बॉडी शॉर्टलापण पेटतो, दोन्हीतला फरक सांगत नाही. मी जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब होल्डरमध्ये लावून ठेवलाय, खास यासाठी. एलईडी चालणार नाही, तो जरा गळती असली तरी उजळतो आणि तुम्हाला फसवतो. बल्बचं एक टोक फेजला, दुसरं अर्थच्या पिनला. पण थांबा, ही टेस्ट करताना कोणी कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही, सगळ्यांना बाजूला उभं करायचं, कारण अर्थिंग तुटलेलं असेल तर बल्बमधून येणारी फेज त्या हिरव्या वायरीवरून शेडमधल्या प्रत्येक बॉडीवर पोचते. आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पुढे सांगतोच) बसवलेली असेल तर बल्ब लावताच ती पडणार, पडली तर उलट चांगलं, करंटला अर्थमधून रस्ता आहे हे कळलं. ज्यांना फेज-न्यूट्रल हाताळायची सवय नाही त्यांनी हे वायरमनकडून करून घ्या.

नुसता बल्ब लागला म्हणजे अर्थिंग चांगलं असं नाही हां. ५० ओहमच्या खराब अर्थिंगवरसुद्धा १०० वॅटचा बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो, डोळ्याला कळणार नाही. म्हणून बल्ब चालू असताना मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघायचं. बल्ब बंद असताना ते एक-दोन व्होल्ट असतं. बल्ब साधारण ०.४३ अँपिअर खेचतो, म्हणजे व्होल्टेज ५ ने वाढलं तर रस्त्यात साधारण १२ ओहम आहेत. अंदाजाचं गणित आहे, अर्थ टेस्टरची सर नाही, पण खड्डा मेलाय का जिवंत आहे एवढं नक्की कळतं. आमच्याकडे बल्ब पिवळट लागला आणि न्यूट्रल-अर्थमध्ये ६० च्या वर व्होल्ट आले. म्हणजे दीडशेच्या आसपास ओहम. खड्डा नावालाच.

खड्ड्यावरचं झाकण काढलं. आत कोरडं ठणठणीत, मध्ये पाइप, पाइपला पट्टी आणि पट्टीच्या बोल्टवर पांढरट-तांबूस खपली, नट हाताने फिरला. मीठ टाकलेलं असतंच खड्ड्यात, ते ओल धरतं आणि लोखंडपण खातं. बोल्ट काढला, पट्टी घासून चकचकीत केली, नवीन बोल्ट-वॉशर, वरून ग्रीस, मग चार बादल्या पाणी. संध्याकाळी मोजलं तर ९ व्होल्ट, म्हणजे वीस-एकवीस ओहम. सुधारलं पण फार नाही.

का नाही ते नंतर कळलं. पाइप अर्थिंगला अडीच मीटरचा म्हणजे आठेक फुटाचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा पुरायचा असतो. आमच्याकडे दोन फूट माती, मग मुरूम आणि चार फुटांवर काळा पाषाण. खणणाऱ्यांनी पाषाण लागल्यावर पाइप अर्धा कापला, खाली पुरला आणि वर छान झाकण लावून पैसे घेऊन गेले. उरलेला चार फुटी तुकडा मी तीन वर्षं मागच्या दाराला आडणा म्हणून वापरत होतो. रोज हातात घेत होतो, कधी डोक्यात आलं नाही की हा नवा कोरा जीआय पाइप आला कुठून. देशावर बहुतेक ठिकाणी हीच परिस्थिती आहे. खडक लागला तर जागा बदला, नाहीतर एकापेक्षा जास्त छोटे खड्डे लांब लांब घेऊन पट्टीने जोडा, किंवा चर खणून जीआय पट्टी आडवी लांबवर पुरा. काळ्या मातीत ओल असेपर्यंत छान असतं पण उन्हाळ्यात भेगा पडल्या की पाइपभोवतीची माती सुटते, तिथे उन्हाळाभर पाणी घालायलाच लागतं.

आता त्या २१ ओहमचं काय होतं बघा, कारण इथे मी स्वतः बरीच वर्षं चुकीचं समजत होतो. मला वाटायचं अर्थिंग आहे, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे, बॉडी शॉर्ट झालं की एमसीबी पडेल. २३० भागिले २१, अकरा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी अकरा अँपिअरकडे ढुंकूनही बघत नाही, तिच्या मते कोणीतरी मोटर चालवतंय. बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज आणि एमसीबी मजेत वर. सी टाइपची एमसीबी तर झटकन पडायला पाच ते दहा पट करंट मागते, म्हणजे ८० ते १६० अँपिअर, ते खड्ड्यातून कधीच मिळणार नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून आहे, माणसासाठी नाही.

माणसासाठी आरसीसीबी, काही जण अजून ईएलसीबी म्हणतात, ३० मिलिअँपिअरची. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट जुळतो का एवढंच बघते, फरक पडला की पाडते. तिला २१ ओहम काय, १०० ओहमचं अर्थिंगपण चालतं, कारण त्यातूनही दोन अँपिअर जातात आणि तिला ३० मिलिअँपिअर पुरे. अर्थिंग नसेल तरी ती काम करते, फक्त मग ती तुम्हाला शॉक लागल्यावर पडते, अर्थिंग असेल तर मशीन खराब होताच पडते. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलंत तर ती काही करणार नाही, तुम्ही तिच्यासाठी बल्बच. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, पण ते बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही.

आरसीसीबी बसवली आणि तिसरी भानगड बाहेर आली. वेल्डिंग आणि कम्प्रेसर एकदम चालू झाले की ट्रिप. वायरमन म्हणाला, "आरसीसीबी खराब आहे, काढून टाका, सगळीकडे असंच होतं." बरेच जण इथे काढून टाकतात. मी म्हटलं थांबा, कम्प्रेसरचं सॉकेट उघडा. उघडलं तर न्यूट्रलच्या टर्मिनलवरून अर्थच्या टर्मिनलला बोटाएवढा काळ्या वायरीचा तुकडा. तो पॉइंट नंतर वाढवलेला, तिथपर्यंत हिरवी वायर ओढायचा कंटाळा, मग न्यूट्रलच अर्थ म्हणून दिली. टेस्टरला काही कळत नाही, बल्ब लावला तर एकदम फुल पेटतो, सगळे खूश. कम्प्रेसर शेडच्या लोखंडी खांबाला पट्टीने बांधलेला आणि खांब खऱ्या अर्थिंगला, त्यामुळे न्यूट्रलचा थोडा करंट खांबातून जायचा आणि आरसीसीबी बरोबर पकडायची. खराब ती नव्हती.

हा जुगाड का घातक ते एका वाक्यात सांगतो, मागे कुठे न्यूट्रल सैल झाली, फ्यूजची असो की खांबावरची, की चालू असलेल्या मोटरमधून फेज फिरून त्या तुकड्यावरून सरळ बॉडीवर येते, मशीन बंद पडतं, आणि काय झालं म्हणून बघायला गेलेला माणूस नेमका बॉडीलाच हात लावतो. ओळखायचं कसं? मशीनवर लोड असताना न्यूट्रल-अर्थमध्ये थोडंतरी व्होल्टेज दिसायला हवं. मोठी मोटर चालू असताना तिथे ठणठणीत शून्य दिसलं तर सॉकेट उघडा.

वेल्डिंगवाल्यांसाठी वेगळं. आपण जॉबला लावतो त्या क्लॅम्पला सगळे अर्थिंग म्हणतात, पण ते अर्थिंग नाही, वेल्डिंगच्या करंटचा परतीचा रस्ता आहे. तो क्लॅम्प जॉबवर न लावता लांब कुठेतरी खांबाला लावला की शंभर-दीडशे अँपिअर दुसरा रस्ता शोधतात आणि कधीकधी जॉबवर टेकवलेल्या ड्रिलच्या हिरव्या वायरीतून जातात. आमच्या एका प्लगमध्ये फक्त हिरव्या वायरीचं प्लॅस्टिक वितळलेलं होतं, बाकी दोन्ही नव्यासारख्या. बराच वेळ कोडं पडलं होतं. क्लॅम्प जॉबवरच आणि जवळ लावा. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनला अर्थिंग नसेल तर बॉडीवर १००-१२० व्होल्ट दाखवतात, आतल्या फिल्टरमुळे, मशीन खराब नसतं, अर्थिंग दिलं की जातं. दिल्यावरही नाही गेलं तर मग दाखवा.

राहिले हातातले ग्राइंडर, मार्बल कटर. नावाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते डबल इन्सुलेशनचं, त्याला टू कोर केबल बरोबर आहे, अर्थ लागत नाही. हुशारी करून थ्री कोर टाकून हिरवी वायर गिअरबॉक्सला बांधू नका, डबल इन्सुलेशन मोडतं आणि बोर्डावर भलतीकडून आलेला करंट तुमच्या हातात येतो. अशा मशीनने शॉक दिला तर आत कार्बन आणि लोखंडाची धूळ साठलीये, नाहीतर पाणी गेलंय. टू पिन प्लग उलटा करून लावला की करंट कमी होतो असं सांगणारे भेटतात, खरंय, कमी होतो कधीकधी, पण बिघाड तिथेच असतो. प्लग काढून उघडा, हवेने फुंका, वाळवा, मेगर १ मेगाओमच्या खाली दाखवत असेल तर वापरूच नका. पाणी सोडून फरशी कापणाऱ्यांनी तर आरसीसीबीवाल्या बोर्डाशिवाय कटर लावू नये, हात ओले, पाय ओले, केबल पाण्यात, अजून काय हवंय.

कोणी चिकटलाच तर त्याला धरायला धावू नका, आधी मेन पाडा. आमच्या मेनसमोर पत्र्यांची थप्पी असायची, ती हलवली.

यंदा पाऊस सुरू होऊन तीन आठवडे झाले, हेल्परने अजून तक्रार केलेली नाही, आरसीसीबी एकदा पडली ती चॉप सॉच्या स्विचमध्ये पाणी गेलं म्हणून. आरसीसीबीच्या आधीच्या फेजवर बल्ब लावून मोजलं तर ५ व्होल्ट. दुसरा खड्डा शेडच्या मागे घ्यायचाय, तिथे माती जास्त आहे असं शेजारी म्हणतात, ब्रेकरवाला या रविवारी येतो म्हणालाय. पाइप आठ फुटी आणून ठेवलाय, आणि या वेळी पुरताना मी स्वतः टेप घेऊन उभा राहणार.